तो उशीर कोणाचा

ताई, एका पेपराने तुम्हाला दुग्धविकास मंत्री करून टाकलं. फोटो तुमचाच, मतदारसंघ बरोबर, वय बरोबर, खातं मात्र दुधाचं. मी सवयीने लाल पेन काढलं, खाली रेघ मारली आणि समासात ‘दुरुस्ती पाठवणे’ असं लिहिलं. मग कागद हातात धरून बसून राहिलो. हा आता कोणाच्या टेबलावर ठेवायचा? तुम्ही असतात तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता. म्हणाला असतात, “बघा ओ प्रधान, इतकी वर्षं मासे सांभाळले आणि शेवटी नावावर म्हशी लागल्या.”

पेपरात आलेलं बाकीचं इथे पुन्हा लिहीत नाही. जन्म, शिक्षण, निवडणुका, पदं. तुमचा तो परिचय मीच कधीतरी टाइप केला होता आणि सगळ्यांनी तोच उतरवून घेतला आहे. मला जे लिहायचं आहे ते त्यात नव्हतं. तुम्ही ते कुठेच येऊ दिलं नाहीत.

आज रविवार. सकाळी मी शर्टाला इस्त्री केली, घातला, पाकीट खिशात टाकलं, आणि चपला शोधायला लागलो. सून म्हणाली, “बाबा, कुठे निघालात?” मी म्हटलं, “कुठे नाही.” शर्ट मात्र काढला नाही. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी अकराच्या सुमाराला मी गिरगावातून निघायचो आणि बारापर्यंत परळला तुमच्या दारात असायचो. चाळ पाडून टॉवर झाला, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून सोळाव्यावर गेलात, तरी तुमचं दार दिवसभर उघडंच. लिफ्टचं दार उघडलं की आधी माशाच्या कालवणाचा वास यायचा आणि मग तुमचा आवाज, “इलात? बसा. आधी पाणी पिया.”

मला तुमच्याकडे खासगी सचिव म्हणून नेमलं तेव्हा मी नाराज होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आधी मी एका मोठ्या खात्याच्या मंत्र्यांकडे होतो. तिथे दाराबाहेर रांग असायची. मत्स्यव्यवसाय खातं तुम्हाला मिळालं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. पहिल्या दिवशी हार घेऊन आलेली माणसंसुद्धा सांत्वनाला आल्यासारखी बोलत होती. “होईल, ताई. पुढच्या फेरबदलात चांगलं खातं मिळेल.” तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात. ते गेल्यावर माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचलीत.

“प्रधान? म्हणजे मी मंत्री आणि तुम्ही प्रधान. मगे राजा खय?”

“लोकशाहीत राजा नसतो, मॅडम.”

“मॅडम नको. ताई म्हणा. आणि नसतो कसा? सहाव्या मजल्यावर बसतो ना.”

मला हसू आवरलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मंत्र्यासमोर मी पहिल्यांदा हसलो असेन.

त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांची पहिली बैठक झाली. जाडजूड फायली, पडद्यावर आलेख. तुम्ही पाच मिनिटं ऐकलंत आणि विचारलंत, “पापलेट अंडी कधी घालतं?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, “माहिती घेऊन सादर करतो.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “माझी आई परळला गिरणीतल्या लोकांची खानावळ चालवायची. चौथी शिकलेली. बाजारातून आणलेल्या मासळीत गाबोळी निघायला लागली की ती म्हणायची, आता पोटुशी आहेत, थोडे दिवस कमी आणा. तिला माहीत होतं. आपल्या खात्याला माहीत असायला हवं.” त्या दिवशी बैठकीतून बाहेर पडताना माझी नाराजी कुठे गेली कळलंच नाही.

एकदा मी नकाशावर बोट फिरवून तुम्हाला आपली हद्द दाखवत होतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, त्यापुढचा केंद्राचा. तुम्ही चष्मा पुसून नकाशावर वाकलात.

“आणि मासा तेराव्या मैलावर गेला की दिल्लीचा?”

“हो.”

“आणि माणूस बुडाला तर?”

“ते नियमात बघावं लागेल, ताई.”

“बघून ठेवा,” तुम्ही म्हणालात. मी बघून ठेवलं नाही. गंमत वाटली मला तेव्हा.

वरळी कोळीवाड्यातली पहिली सभा आठवते. मांडवात खुर्च्या होत्या, पण माणसं उभी होती आणि हातांच्या घड्या घालून होती. तुम्ही कोळीण नव्हतात. मालवणकडची, परळची, गिरणीकामगाराची मुलगी. भाषण संपल्यावर एक उंच, काळा, पन्नाशीचा माणूस पुढे आला. हसुराम नाखवा. त्याने हात जोडले आणि सरळ विचारलं, “बाई, तुम्ही कधी होडीत बसलात काय?”

“बसले की. गेटवेवरून एलिफंटाला.”

सगळा मांडव हसला. हसुराम हसला नाही. म्हणाला, “ती लाँच झाली.”

“मग न्या मला.”

बंदोबस्ताच्या लोकांनी आडकाठी केली, मी केली, सहाव्या मजल्यावरून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाचा फोन आला. तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत. हिंदमाताला जाऊन गडद निळी, साधी सुती साडी घेतलीत आणि पुढच्या आठवड्यात पहाटे हसुरामच्या होडीत चढलात. मला सोबत यावंच लागलं. बंदर मागे पडलं तशी तुम्हाला ओकारी सुरू झाली. मला तुमच्याही आधी. हसुराम सुकाणूवरून म्हणाला, “बाई, पाण्याकडं नका बघू. लांब बघा.” तुम्ही लांब बघत राहिलात, मधून मधून ओकत राहिलात, पण परत फिरा असं एकदाही म्हणाला नाहीत. जाळं वर आलं तेव्हा त्यात मासळी कमी आणि पिशव्या, बाटल्या, चपला जास्त. हसुराम खाली बसून एकेक पिशवी सोडवायला लागला. तुम्ही पदर खोचून त्याच्यासमोर बसलात आणि सोडवायला लागलात. तासभर तुम्हा दोघांचे हात चालूच होते. भाषणं मी तुम्हाला पुष्कळ लिहून दिली, ताई, पण खात्याचा कारभार मला कळला तो त्या तासाभरात.

परतल्यावर हसुरामच्या बायकोने, मोतनबाईने, आपल्याला घरात बसवलं. कोरा चहा आणि तळलेले बोंबील. तिने तुमच्या पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “वांत्या करून करून गेली, पन मागं फिरली नाय गो.” तेव्हापासून कोळीवाड्यात तुम्हाला कोणी ‘मंत्रीणबाई’ म्हटलं नाही. तुम्ही ‘आपली बाई’ झालात. ती निळी साडी तुम्ही ‘खात्याची साडी’ म्हणून वेगळी ठेवलीत.

यानंतरचं लिहायला मला आठ दिवस लागले.

पहिलं वादळ आलंच नाही. पावसाळ्याच्या मासेमारीबंदीला पंधरवडा उरला होता. हे शेवटचे दिवस कोळ्यांसाठी मोलाचे, सगळ्या होड्या बाहेर. हवामानाचा पहिला इशारा आला आणि तुम्ही दहा मिनिटांत सगळ्यांना परत बोलावलंत. होड्या आल्या, अर्ध्या रिकाम्या. मग चार दिवस आकाश निळंभोर. वादळ समुद्रातल्या समुद्रात ओमानकडे वळून गेलं. लोक चिडले. कार्यालयात येऊन घोषणा देऊन गेले. सभागृहात एका सदस्याने विचारलं, “मंत्रिमहोदयांना वारा नेमका कोणत्या कानाने ऐकू येतो?” सगळी बाकं हसली, आपलीसुद्धा. एका पेपराने व्यंगचित्र काढलं, रणरणत्या उन्हात तुम्ही छत्री उघडून उभ्या. तुम्ही ते कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंत. सहाव्या मजल्यावरून सांगणं आलं, पुढच्या वेळी जरा खात्री करून घ्या.

परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, “खात्री म्हणजे काय ओ, प्रधान? प्रेतं किनाऱ्याला लागल्यावर होते ती?”

त्या आठवड्यात एकटा हसुराम येऊन सांगून गेला, “तुम्ही बोलावलं, आम्ही आलो. नाय आलं वादळ, चांगलंच झालं की बाई.”

मग दिवाळीनंतरची ती सकाळ. तुमच्या टेबलावर फराळाचे डबे होते, कोणीतरी पाठवलेला कंदील अजून खिडकीत होता. साडेदहाला मी इशाऱ्याचा कागद आत आणला. कमी दाबाचं क्षेत्र, तीव्र होण्याची शक्यता. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, “बोलवा सगळ्यांना परत.”

मी उभाच होतो. म्हटलं, “ताई, दुपारचा इशारा येऊ दे. तो जास्त नेमका असतो.”

“कशाक थांबायचं?”

मी टेबलाच्या काचेवर, त्या छत्रीवर, बोट ठेवलं.

तुम्ही त्या बोटाकडे बघत राहिलात. मग विचारलंत, “किती वाजता येणार?”

“तीनपर्यंत.”

“म्हणजे साडेचार तास.”

“साडेचार तासांनी काय होतंय, ताई?”

हे वाक्य माझं आहे. ते मी नीट, सभ्यपणे, तुमच्या काळजीने बोललो होतो. तुमचं हसू होऊ नये एवढंच माझ्या मनात होतं. समुद्र माझ्या मनात नव्हताच.

तुम्ही जेवला नाहीत. फायलींवर सह्या करत राहिलात आणि दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत राहिलात. तीन वाजून दहा मिनिटांनी दुसरा इशारा आला. तीव्र झालं होतं, आपल्याकडे येत होतं. तीन वाजून पंधरा मिनिटांनी आदेश गेला. बहुतेक होड्या परतल्या, काही खाड्यांमध्ये शिरल्या. हसुरामची होडी निरोप मिळताच वळली होती. दिवेलागणीला ती किनाऱ्यावरून दिसतही होती. बंदराच्या तोंडाशी, खडकांजवळ, उलटली. पाच जण दोरांना धरून वाचले. हसुराम तिसऱ्या दिवशी सापडला.

वाचलेल्यांपैकी एकाने किनाऱ्यावर तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी तुमच्या मागे उभा होतो. “निरोप सकाळी मिळाला असता, बाई, तर उजेड होता तोपर्यंत बंदरात असतो.” तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, रागावलात. पुढे कळलं, तिथल्या एकाही माणसाने तुमच्या नजरेबरोबर माझ्याकडे बघू नये म्हणून तुम्ही वळला नव्हतात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टिपण लिहिलं. ‘नौका परत बोलावण्याचा मा. मंत्रिमहोदयांचा निर्णय सकाळी झाला होता. तो माझ्या सल्ल्यावरून दुपारपर्यंत पुढे ढकलण्यात आला.’ खाली पूर्ण सही, तारीख. तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही दोनदा वाचलंत.

“आदेशावर सही कोणाची?”

“तुमची.”

“मग उशीर पण माझा.”

“ताई, पण खरं…”

“गप रवा, प्रधान.” आणि तुम्ही कागदाचे चार तुकडे केलेत.

सभागृहात मी लिहून दिलेलं निवेदन तुम्ही उघडलंच नाहीत. उभ्या राहून तीन वाक्यं बोललात. “निर्णयाला उशीर झाला. एक माणूस गेला. तो उशीर माझा.” बाकांवर कोणी हसलं नाही. तिथून तुम्ही राजीनामा घेऊन मंत्रालयात आलात आणि जिन्याने सहाव्या मजल्यावर गेलात. लिफ्टसाठी थांबला नाहीत.

मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटत होतं की मी उठून काहीतरी ओरडावं. मी ओरडलो नाही. माझी पेन्शन, मुलाचं शिक्षण, बायकोचं, वैजूचं, आजारपण, सगळं डोळ्यांसमोर आलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. टिपण फाडलंत तेव्हा माझ्या मनात वाईट वाटण्याबरोबर आणखी एक गोष्ट होती, ताई. सुटलो, असं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं होतं.

मग कितीतरी रविवार. तुम्ही सुरमई तळायचात, मी लसूण सोलायचो. मला वाटलं होतं की त्यानंतर तुम्ही मासे सोडाल. मी एकदा विचारलंही. म्हणालात, “मासे सोडून काय होणार? हसुरामाला बरं वाटेल?” आपण सगळ्यावर बोलायचो. तुमच्या खिडकीतून दोन टॉवरांच्या मध्ये समुद्राची एक पट्टी दिसायची, तिच्यावरून तुम्ही वारा ओळखायचात. नवे मंत्री आले, गेले. त्यांच्या पत्रकांत मी व्याकरण काढायचो, तुम्ही अक्कल. खात्यातली ती तरुण मुलगी, जिने नंतर पापलेटच्या अंड्यांचा सगळा तक्ता करून आणला होता, ती मोठी अधिकारी झाली तरी तुम्हाला फोन करून विचारायची, याचा तुम्हाला केवढा आनंद. सगळं बोलणं वळून वळून एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. मी म्हणायचो, एकदा मला सांगू द्या. तुम्ही ताटात भात वाढायचात.

वर्षातून एकदा, त्या तारखेला, तुम्ही एकट्या टॅक्सीने वरळीला जायचात. निळी साडी नेसून. मी येतो म्हटलं की तुमचा आवाज बदलायचा. “तुम्ही यायचं नाय.” तिथे काय होतं, मोतनबाई काय बोलते, हे कधी सांगितलं नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला तर म्हणायचात, “जाऊन आले. दमले. उद्या बोलू.”

आपलं शेवटचं भांडण तुम्हाला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतं. मी जेवायला बसलो होतो. म्हणालो, “ताई, मी आता सत्तरीचा झालो. मोतनबाईंना मला सांगायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी सांगणार.”

तुम्ही पळी खाली ठेवलीत. “सांगून कोणाचां हलकां होतलां? तिचां, का तुमचां?”

“खरं असेल ते तिला कळायला नको?”

“काय खरं? सल्ला देणारे शंभर असतात. ऐकणारी मी. म्हणून तर मंत्री ठेवतात, प्रधान. लोकांना सरकार दिसत नाही, ओरडायला एक तोंड लागतं. ते तोंड म्हणजे मंत्री. नंतर त्यांना सांगायचं, तुम्ही चुकीच्या माणसावर ओरडलात?”

मी चिडलो. सगळ्या वर्षांचा राग एकदम आला. मी म्हणालो, “तुम्हाला माझ्या अपराधाचंही मंत्री व्हायचंय का?”

आणि ताट तसंच टाकून उठलो. तुम्ही “प्रधान, जेवून जा,” म्हणालात. मी लिफ्टचं बटण दाबलं. पुढच्या रविवारी आलो नाही. त्याच्या पुढच्याही. घरी बसून राहिलो आणि मनात तुमच्याशी भांडत राहिलो. फोन वाजला की वाटायचं तुम्ही आहात. तुम्हीही केला नाहीत. तिसऱ्या रविवारी तुमच्या भाचीचा फोन आला, तुम्हाला इस्पितळात ठेवलंय.

ते दोन रविवार, ताई. बाकी कशाचंही मी काहीतरी उत्तर शोधून ठेवलं आहे, त्या दोन रविवारांचं नाही.

इस्पितळात तुमच्या तोंडावर मास्क होता. मी खाटेजवळ उभा राहिलो. म्हणायचं होतं, माझं चुकलं. ते कशाबद्दल, हे मलाच ठरवता येईना. ताट टाकून उठलो त्याबद्दल, की त्या सकाळबद्दल. तुम्ही मास्क थोडा बाजूला केलात आणि विचारलंत, “जेवलात?” मी हो म्हटलं. खोटं बोललो. नर्सने मास्क परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी वरळीला गेलो. तुम्ही नाही म्हणाला होतात, आणि तरी गेलो. तुमच्या आज्ञेबाहेर मी केलेली ही पहिली गोष्ट. आता कोळीवाड्याच्या एका अंगाला सागरी पूल दिसतो, गल्ल्या मात्र तेवढ्याच अरुंद. काठ्यांवर बोंबील वाळत होते. मोतनबाई दारात बसून करंदी, ती बारीक कोलंबी, निवडत होती. केस पांढरे झालेत, हात तसेच भराभर चालतात. तिने मला ओळखलं नाही. “ताईंचा माणूस,” म्हटल्यावर ओळखलं. आत बसवलं. भिंतीवर हसुरामच्या फोटोला हार होता. तुमची बातमी तिने ऐकली होती.

मी पाणी पिऊन सांगायला लागलो. सगळं सांगितलं. साडेदहाचा कागद, तुमचं ‘बोलवा’, काचेवर ठेवलेलं माझं बोट, साडेचार तास. ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “म्हंजी तिनं सकाळीच सांगितलं होतं, बोलवा?”

“हो.”

“आनि तुम्ही थांबवलं.”

“हो.”

मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी त्यासाठीच गेलो होतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती.

“पयल्या वर्षी आली तवा मी तिच्या तोंडावर दार लावलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या वर्षी आली. मी भायेर येऊन सगळ्या गल्लीसमोर जाम बोलली तिला. काय काय बोलली. माझ्या नवऱ्याला खाल्लंस, तुझं वाटोळं होईल, सगळं. ती उभी. ऊन होतं. एक शब्द नाय. तिसऱ्या वर्षी परत आली. परत बोलली मी. दर वर्षी बोलत गेली. मग बोलून झालं की मी तिला चहा द्यायची. ती प्यायची आनि जायची.” तिने पदराने तोंड पुसलं. “एकदा तरी सांगायचं ना तिनं. मी नाय केलं म्हनून. एकदा तरी.”

आणि ती रडायला लागली. हसुरामसाठी नव्हे, तुमच्यासाठी. तिने तुम्हाला जे जे म्हटलं होतं ते सगळं आता तिच्याकडे परत आलं होतं, आणि ते घ्यायला तुम्ही नव्हतात. ते तिच्याकडे मी आणून टाकलं होतं. माझ्या छातीवरचं काही कमी झालं नाही, ताई. तिच्यावर मात्र वाढलं. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही मला अडवत होतात ते मला वाचवायला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तुम्ही तिला वाचवत होतात.

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “आज जा.”

मी उठलो. चपला घातल्या. गल्लीच्या वळणापर्यंत आलो असेन तेव्हा मागून हाक आली. ती दारात उभी होती, करंदीचे हात तसेच.

“त्या दिवशी या,” ती म्हणाली. “ती यायची तसे. आता मी कोनाला बोलू?”

मी हो म्हटलं. त्याशिवाय काय म्हणणार होतो?

तो दिवस यायला अजून अवकाश आहे. मी जाणार आहे. पण काय काय विचारायचं राहून गेलं, ताई. दारात उभं राहायचं की गल्लीत? ती बोलत असताना तिच्याकडे बघायचं की खाली? तिने चहा पुढे केला तर लगेच घ्यायचा की ती दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत थांबायचं? हे सगळं फक्त तुम्हाला ठाऊक होतं. इतके रविवार तुमच्यासमोर बसून मी लसूण सोलली, आणि एकदाही तुम्हाला विचारलं नाही, तिथे तुमचं कसं होतं.